शुद्ध हरपली तरी भूक असतेच



कोणी दवाखान्यात ॲडमिट झालं की डबे पोचवण्यात आपली इंदूरची जुनी मराठी घरं कधी मागे राहिली नाहीत. आमच्या वाड्यात तर वाटणीच ठरायची: सकाळचा चहा एका घरचा, रात्रीची खिचडी दुसऱ्या घरची. रीत चांगलीच आहे. पण डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध पडलेल्या पेशंटसाठी ती तशीच चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"शुद्धीवर तर येऊ दे, मग खाईलच की!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते चूक आहे. माणूस निपचित पडलेला दिसतो, पण मेंदूच्या इजेमुळे आत भट्टी पेटलेली असते. ऊर्जेची गरज एरवीच्या विश्रांतीपेक्षा साधारण ४० टक्क्यांनी वाढू शकते. बाहेरून अन्न मिळालं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. म्हणून तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर पहिल्या एक-दोन दिवसांतच नळीने आहार सुरू करायला बघतात. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत शरीराची मूळ गरज भागेल इतका आहार मिळायलाच हवा. त्याने मृत्यूचं प्रमाण घटतं.

माझ्या मावसभावाच्या अपघातात नळी घालू द्यायची की नाही, यावरून वॉर्डाबाहेर दोन काकांची चांगलीच जुंपली होती. निकाल मावशीने लावला: "त्याला भूक सांगता येत नाही, म्हणून भूक नाहीच असं थोडंच आहे?"

आता वरणाच्या पाण्याबद्दल. ६० किलोच्या माणसाला अशा वेळी दिवसाला ९० ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रोटीन लागतं. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतं. वरणाच्या निवळीत तर नावापुरतंच. तेव्हा नळीतून काय, किती आणि केव्हा द्यायचं ते आहारतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

आणि हात जोडून एक विनंती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचाभर तीर्थ किंवा गंगाजलसुद्धा घालू नका. गिळण्याची ताकद नसते, पाणी थेट फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तीर्थ कपाळाला लावा, देवाला पोचतं. शुद्ध आल्यावरही गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बेधडक विचारा: आहार कधी सुरू होणार? रोज किती कॅलरी, किती प्रोटीन जातंय? नळी चालू असताना डोक्याची बाजू ३० अंश तरी उंच ठेवायची ना? असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

डबा मात्र जरूर न्या. तो बाहेर बाकावर रात्र काढणाऱ्या वहिनीसाठी. तिनेही दोन दिवस काही खाल्लेलं नसतं.