अंगावरची सावली

कागलकडून येताना दूधगंगेचा पूल ओलांडला, की कर्नाटकाच्या हद्दीत कोगनोळी लागते. तेथील नातलगांकडे आम्ही बंगळूरहून ऐन वैशाखात गेलो होतो. सकाळी अकराच्या सुमारास उसात भांगलण चालू होती. बायकांच्या अंगावर सुती लुगडी, त्यांवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचे सैल सदरे आणि डोक्याला टॉवेल. उसाच्या पात्यांनी हात कापू नयेत म्हणून सदरे ठीक. पण एवढ्या उन्हात एवढी कापडे कशी सोसवतात, याचे मला नवल वाटले. माझ्या अंगात शहरी रिवाजाचा घट्ट पॉलिएस्टरचा सदरा होता. उकडते म्हणून तोही काढून मी उघड्या अंगाने बांधावरून हिंडू लागलो. तासाभरातच डोळ्यांपुढे अंधारी आली.

त्या बायकांनीच मला बाभळीखाली बसविले, मानेवर व छातीवर ओला पंचा फिरविला आणि पदराने वारा घातला. त्यांतील एक वयस्क मावशी म्हणाल्या, "ऊन कापडाला लागू दे रं लेकरा, कातड्याला नगं."

मावशींच्या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सियस असते. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातील उष्णता हवेत जाते. हवा त्याहून तापली, की तीच अंगाला तापवू लागते. मग घाम वाळणे हाच मुख्य उपाय उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून खाली पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. उघड्या अंगावर घाम लवकर वाळतो खरा, परंतु सूर्यकिरणांचा ताप थेट त्वचेवर पडतो. सैल कापड तो ताप वरच्या वर झेलते आणि आत हवा खेळती ठेवते. आपली सावली आपणच अंगावर वागवावी, तसे हे आहे.

मग रंगाचे काय? संक्रांतीच्या थंडीत आपण काळी चंद्रकळा नेसतो आणि उन्हाळ्यात पांढरे वापरतो. पातळ व अंगाबरोबरच्या कपड्यांना हा नियम लागू पडतो. परंतु वाळवंटातील बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, याचा शोध काही शास्त्रज्ञांनी घेतला व तो १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळा झगा ऊन अधिक शोषत होता, तरी ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच निघून जात होती. काळ्या व पांढऱ्या झग्यांत माणसाला मिळणारी उष्णता सारखीच भरली. तेव्हा रंगाइतकाच, किंबहुना अधिक, विचार सैलपणाचा करावा.

मुंबई, गोवे किंवा मंगळूर येथील वाचकांनी मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. दमट हवेत घाम वाळतच नाही. तेथे सावलीत असताना कपडे थोडे व पातळ असावेत आणि वारा भरपूर असावा. सुती कापड घाम शोषते, म्हणून बरे. पण ते चिंब होऊन अंगाला चिकटले, की बदलावे. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्याची वीण घट्ट असेल, तर घाम आतच कोंडतो.

आणि कितीही चांगला कपडा असला, तरी घामासाठी अंगात पाणी हवे. उन्हातला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा व विनाविलंब दवाखाना गाठावा.

वैशाख हा आपल्याकडे लग्नसराईचा महिना. मांडवात जरीचे लुगडे नेसून बसलेल्या आजीला आणि कोटात घामाघूम झालेल्या नवरदेवाला मुहूर्त टळताच सुती कपडे बदलू द्यावेत. आहेर आणि फोटो थोडा वेळ थांबू शकतात.