पवित्र भूमीचा सातबारा कुणाच्या नावावर?

जेरुसलेमचा विषय निघाला की आपल्याकडचे शहाणे हात झटकून मोकळे होतात. म्हणे तीन धर्मांचं हजारो वर्षांचं भांडण, तिथं तुम्ही-आम्ही काय करणार! आणि जो हात झटकत नाही तो इथला हिशेब तिथं लावतो. मुसलमानाचा राग आहे ना, मग इस्रायल बरोबर. झालं राजकारण.

मित्रांनो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला गोदीतला माणूस. धर्मग्रंथातलं मला विचारू नका. पण ओझं कुणाच्या पाठीवर आहे ते मला दिसतं.

धर्माचं भांडण नव्हतंच असं मी म्हणत नाही. 1099 साली क्रूसवाले जेरुसलेमात घुसले आणि त्यांनी मुसलमान नि ज्यू दोघांनाही कापलं. 1187 साली सलाहुद्दीनने शहर परत घेतलं. येशूच्या थडग्यावरच्या चर्चमध्ये एका खिडकीखाली शिडी उभी आहे. ती कुठल्या पंथाने हलवायची यावर एकमत नाही, म्हणून कित्येक पिढ्या ती तिथंच. किल्ली मुसलमान घराण्याकडे, कारण ख्रिस्त्यांचा एकमेकांवर भरवसा नाही. हसू येतं. पण 1929 साली पश्चिम भिंतीवरून दंगल पेटली तेव्हा 133 ज्यू आणि 116 अरब मेले, एकट्या हेब्रोनात 67 ज्यू कापले गेले. यात हसण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच की भिंत तर शेकडो वर्षं तिथंच होती, मग 1929 सालीच एवढी का पेटली? उत्तर भिंतीत सापडणार नाही. शेतात जावं लागेल.

उस्मानी तुर्कांनी 1858 साली जमिनीचा कायदा केला. जमीन नावावर लावा म्हणाले. शेतकरी घाबरला. नाव लागलं की कर येणार, पोरगा सैन्यात ओढून नेणार. मग जमिनी लागल्या शहरातल्या बड्या धेंडांच्या नावावर. कोकणातल्या माणसाला खोत म्हणजे काय ते सांगायला नको, तसलाच प्रकार. उत्तरेकडचं मर्ज इब्न आमिरचं सुपीक खोरं बैरूतच्या सुरसॉक घराण्याकडे गेलं. त्यांनी 1920 च्या दशकात त्यातली बरीच जमीन ज्यू राष्ट्रीय निधीसाठी विकून टाकली. विकणारा अरब, घेणारा ज्यू, कागद पक्के, आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारी कुळं रस्त्यावर. निधीची अट अशी की त्या जमिनीवर मजूरही ज्यूच पाहिजे. म्हणजे मालक बदलला तरी राबायला मिळेल, ही कुळाची शेवटची आशासुद्धा गेली.

त्याआधी 2 नोव्हेंबर 1917 ला बाल्फोरने लंडनमध्ये बसून पत्र लिहिलं आणि ज्यूंना तिथं राष्ट्रीय घर कबूल केलं. तेव्हा तिथल्या दहा माणसांतली नऊ अरब. पत्रात त्यांचा उल्लेख कसा? ‘ज्यू नसलेले समाज’. नावसुद्धा नाही. माणसाचं नाव न घेता त्याचा उल्लेख कसा करतात, हे आपल्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको. गंमत म्हणजे त्याच सरकारातला ज्यू मंत्री, आपल्यावर राज्य करणारा भारतमंत्री माँटेग्यू, या पत्राच्या विरोधात होता.

पुढे हिटलरने साठ लाख ज्यू मारले. जे वाचले ते आसरा शोधत आले, त्यांचं दुःख खोटं नाही. युरोपच्या पापाचा दंड मात्र युरोपने भरला नाही. याफाच्या हमालाने भरला.

याफा म्हणजे संत्र्यांचं बंदर. 1936 च्या एप्रिलमध्ये अरबांनी संप पुकारला, बंदर बंद पडलं. सहा महिने. इंग्रजांनी काय करावं? शेजारी तेल अवीवला नवा धक्का बांधायला परवानगी दिली आणि माल तिकडून उतरायला लागला. वर जूनमध्ये याफाच्या जुन्या गावातली घरं सुरुंग लावून उडवली. ऑक्टोबरात संप मिटला, नवा धक्का राहिला. गोदीवाल्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

आणखी एक तारीख. 30 डिसेंबर 1947. हैफाच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या फाटकावर अरब मजूर रोजंदारीसाठी उभे होते. इरगुनच्या माणसांनी त्या गर्दीत बॉम्ब टाकले. सहा ठार. आतल्या अरब मजुरांनी मग शेजारीच राबणाऱ्या ज्यू मजुरांवर हात टाकला, 39 मेले. त्यावर हगानाने बलद अल-शेख या मजुरांच्या गावात रात्री घुसून बायापोरांसकट माणसं मारली. फाटकावर उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. तिथं देवाचा विषय निघत नाही. मुकादम आज किती माणसं घेणार, एवढंच बोलतात.

1948 साली सात लाखांवर पॅलेस्टिनी बेघर झाले. लोद आणि रामला या दोन गावांतूनच जुलैमध्ये पन्नास हजारांवर माणसं उन्हात पायी हाकलली. मग त्या गावांत कोण आलं? इथं आपल्या बोलीची माणसं येतात. रायगडातले बेने इस्रायल, घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. हजारोंनी गेले, कुणी लोदला, कुणी रामल्याला, कुणी वाळवंटात दिमोनाला. देवाने कबूल केलेल्या भूमीत काय मिळालं? 1962 साली तिथल्या धर्ममार्तंडांनी फर्मान काढलं की बेने इस्रायलच्या लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा, रक्त शुद्ध आहे का बघा. हा वास ओळखीचा आहे की नाही? 1964 च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला, तेव्हा फर्मान मागे.

त्याच जेरुसलेममधली मुसरारा वस्ती. 1948 पर्यंत अरबांची. नंतर त्या घरांत मोरोक्कोहून आणलेले गरीब ज्यू कोंबले, ऐन सरहद्दीवर, जॉर्डनच्या बंदुकीसमोर. 1971 साली त्यांचीच पोरं उठली आणि त्यांनी नाव घेतलं ब्लॅक पँथर. आपल्या पँथरच्या एक वर्ष आधी! 1972 साली त्यांनी श्रीमंतांच्या दारातल्या दुधाच्या बाटल्या उचलून गरिबांच्या दारात नेऊन ठेवल्या. म्हणजे एका भूमिहीनाच्या घरात दुसरा भूमिहीन बसवायचा, आणि दोघांना एकमेकांवर पहारा करायला लावायचं. या धंद्याला पवित्र म्हणायचं.

आता आपली पाळी. 1990 च्या दशकात पॅलेस्टिनी मजुरांना बंदी घालून शेतावर थाई मजूर आणले. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने सुमारे 1200 माणसं मारली, त्यात ते थाई मजूरही होते. कुणाच्या मुक्तीसाठी हे मजूर मारले, ते हमासने सांगावं. त्यानंतर गाझावर जे बॉम्ब पडले त्यात 2025 च्या जुलैअखेर 60 हजारांवर माणसं मेल्याची तिथल्या आरोग्य खात्याची नोंद आहे. आणि पॅलेस्टिनी गवंड्यांचे परवाने बंद झाल्यावर जानेवारी 2024 मध्ये हरियाणा आणि उत्तर प्रदेशात भरती लागली. महिना 1 लाख 37 हजार. रांगा लागल्या. रांगेतल्या पोराला मी शिव्या देणार नाही. त्याच्या घरी चूल आहे. पण ज्याची थापी तो हातात घेणार तो माणूस कुठं गेला, हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनने जाहीर केलं की इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. 11 मोठ्या बंदरांतले साडेतीन हजार कामगार. वाचून छाती फुगली. आमच्या पाळीत बोलणं झालं तेव्हा एक जण म्हणाला, आपण हात वर केले तर ठेकेदार दुसरी टोळी आणेल. चूक नाही त्याचं. याफात तेच झालं.

तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांना माझं विचारणं आहे. पत्रक काढलंत, उत्तम. सीलबंद कंटेनरमध्ये काय आहे ते टोळीला कळणार कसं? आणि ठेकेदाराच्या माणसाने नकार दिला तर त्याची त्या दिवसाची रोजी कोण भरणार? पुढच्या गेट मिटिंगला याचं उत्तर घेऊन या.