गळ्यातल्या चार दाण्यांचे मोल

दुभती गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यातच बसली. कान गार पडले, मान पोटाकडे वळली, काही केल्या उठेना. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली आणि थोड्या वेळाने गाय उभी राहिली. हा दुग्धज्वर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. रक्तातले कॅल्शियम उतरले की एवढे मोठे जनावर बसते. मग माणसाची काय कथा?

माणसाच्या गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांना परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणतात. रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. गळ्यावरील शस्त्रक्रियेत त्यांना इजा झाली, तर त्यांचा रस कमी पडतो. पुष्कळांना काही आठवड्यांत बरे वाटते. पण वर्ष उलटूनही ग्रंथी जाग्या झाल्या नाहीत, तर दुखणे बहुधा जन्माचे सोबती होते. काहींना शस्त्रक्रियेवाचूनही हा विकार जडतो.

ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, हाताची बोटे आखडून वाकडी होतात. कधी झटकेही येतात. घरचे त्याला फेफरे समजतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात, आणि अंगारे-धुपाऱ्यांत पैसा व वेळ दोन्ही जातात. अशा वेळी रक्तातले कॅल्शियम तपासून घ्यावे. दुखणे अंगावर काढल्यास कमी वयात मोतीबिंदूही होतो.

कॅल्शियमच्या गोळ्या आणि तयार स्वरूपातले 'ड' जीवनसत्त्व, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, हा नेहमीचा उपचार. नुसत्या दुधावर भागत नाही, कारण या विकारात रक्तातले फॉस्फरस आधीच वाढलेले असते आणि दुधात ते भरपूर असते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी अनशापोटी घ्यावी व कॅल्शियम चार तासांनी घ्यावे. मनाने गोळ्या वाढवूही नयेत; मुतखडा होतो, मूत्रपिंडे बिघडतात.

आता खर्चाचे पाहू. रोजच्या गोळ्या, वरचेवर रक्ततपासणी, तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी, तीही रोग्याची व सोबत जाणाऱ्याची. हात आखडणाऱ्या बाईला खुरपे धरवत नाही, धारही काढवत नाही. हंगामात पैशाची ओढ लागली की पहिली काट गोळ्यांवर बसते. तीच काट महाग पडते. झटके येऊन रोग्याला दवाखान्यात ठेवावे लागले, तर काही महिन्यांच्या गोळ्यांचा पैसा चार दिवसांत जातो. कमी पडणारा रस भरून काढणारे नवे इंजेक्शन युरोपात २०२३ साली व अमेरिकेत २०२४ साली मंजूर झाले. पण ते फार महाग आहे. आपल्याला आधार साध्या गोळ्यांचाच.

म्हणून सरकारी रुग्णालयात व जनऔषधी केंद्रात गोळ्यांची चौकशी करावी. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा. बियाण्याचे पैसे आपण जसे बाजूला काढतो, तसे गोळ्यांचेही काढावेत. गोठ्यातल्या गाईसाठी रात्री-अपरात्री डॉक्टर आणणारे आपण, घरातल्या लक्ष्मीच्या मुंग्यांकडे काणाडोळा का करावा?