परदेशगमनाचा ताळेबंद

आर्वी-देवळीकडच्या कास्तकाराने सातबारावर बोजा चढवून मुलाला परदेशी धाडावे की नाही, हा प्रश्न केवळ डॉलरच्या दराने सुटणारा नव्हे; कारण त्या जमाखर्चात आईबापांचे एकाकी वार्धक्य आणि परमुलखातील वास्तव्याची अनिश्चितता, याही रकमा मांडाव्या लागतात. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा १९३४ नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचा संसार थाटून बसले, आणि इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या मीराबेन गांधीजींच्याही आधी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास गेल्या, ही उदाहरणे जाणाऱ्याची वाट अडविण्यासाठी नव्हेत. स्थलांतर पगाराने न तोलता प्रयोजनाने तोलावे, एवढेच त्यांचे सांगणे. जावे, अवश्य जावे; मात्र परतीची वाट तारण न ठेवता.