चापिंगोचे खानखोजे

चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेली बिहार-ओडिशाची मुलं दिसली की आपल्या तोंडी लगेच ‘बाहेरचे’ हा शब्द येतो. मला मात्र वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवतात.

गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज असेपर्यंत मायदेशाची दारं बंद, म्हणून १९२०च्या दशकात मेक्सिको गाठलं आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. (आज तिथे विद्यापीठ आहे.) मका-गव्हाच्या वाणांवर त्यांनी मोलाचं काम केलं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की गोरगरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी शेतीच्या शाळा काढल्या. दिएगो रिवेरांनी तर भित्तिचित्रात त्यांना रंगवलं! स्वातंत्र्यानंतर ते परतले, १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा बसला २०२२ साली. आपल्याकडे किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे? असो.

मेक्सिकोने या परक्या माणसाच्या हाती आपली पोरं सोपवली. आपण आलेल्यांकडून खोलीचं भाडं तेवढं मोजून घेतो, आणि वर ‘यांना मराठी येत नाही’ म्हणून कुरकुरतो. अहो, शिकवलं कुणी? आपल्यासारख्या निवृत्त मास्तरांनी त्यांच्या वस्तीत आठवड्याला दोन तास द्यायला काय हरकत आहे?