तिला वाट कोण दाखवतो?

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालून गेली की मुले आम्हांला विचारतात, 'तिला वाट कोण दाखवतो?' मोठी माणसे सांगून मोकळी होतात, 'देव!' ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा तपासू या.

२०२१ साली ओडिशात बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरला अंडी घालताना आढळली. बंगालच्या उपसागरातून ती अरबी समुद्रात आली. समुद्री कासवांना पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाणीव असते, खोल समुद्रात त्यांना दिशा कळते ती त्यावरून, असे शास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले आहे. चमत्कार नाही, कारण आहे.

अंड्यातून निघालेले पिल्लू मात्र उजेडाकडे धावते. रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते, म्हणून ते पाण्यात पोचते. किनाऱ्यावर आपला बल्ब पेटता असेल तर ते उलटे फिरते आणि वाळूतच मरते.

बंधुभगिनींनो, पिल्ले निघण्याच्या दिवसांत समुद्राकडचे दिवे रात्री मालवा. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. एक बटण बंद करूनही ते पाळता येते.