नजरगहाण

बँकेत नोकरीला लागलो तेव्हा ज्या शब्दाने मला पहिल्याच आठवड्यात चकवले, तो शब्द म्हणजे 'नजरगहाण'. सोने गहाण ठेवले की ते बँकेच्या तिजोरीत जाते. मोटारसायकल मात्र कर्जदाराच्याच अंगणात राहते. तो ती चालवतो, धुतो, दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो. बँकेचा तिच्यावर हक्क असतो तो कागदावर, आणि नजरेने. ती नजर ठेवायला बँकेचा माणूस रोज कुणाच्या दारात जात नसतो, हे आम्हालाही ठाऊक असे आणि कर्जदारालाही.

इतक्या वर्षांनी हा शब्द आठवला तो भाच्याच्या फोनमुळे. भाचा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी संपवून सकाळी बाहेर आला, तर कुंपणाबाहेर लिंबाखाली लावलेली मोटारसायकल जागेवर नाही. "मामा, गाडी गेली," एवढेच बोलला आणि गप्प झाला. गाडी घेऊन दोन वर्षे झाली होती. छत्तीस हप्त्यांपैकी चोवीस फेडले होते, बारा उरले होते. गाडी गेली तरी हप्ते जात नाहीत, हे त्याला सांगायची पाळी माझ्यावर आली. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून सांगितलेले वाक्य घरच्या माणसाला सांगताना जीभ जड होते.

सोलापूरच्या गिरण्या गावात होत्या. १८७७ साली सुरू झालेल्या 'जुन्या गिरणी'पासूनचा कामगार भोंगा ऐकून घरातून पायी निघायचा. आताचे कारखाने गावाबाहेर, पुण्याच्या महामार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत आहेत. पाळी सुटते त्या वेळेला एसटी मिळेलच असे नाही, आणि रिक्षा रोज परवडत नाही. इथे मोटारसायकल ही हौस नव्हे. ती गेली की कामावर पोचण्याची वाटच बंद होते. शिवाय दार महामार्गाला लागून. चोरलेली गाडी तासा-दीड तासात कर्नाटकच्या हद्दीत जाऊ शकते.

भाच्याने दुपारी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली आणि विम्याचा कागद घेऊन माझ्याकडे आला. "पाच वर्षांचा विमा आहे मामा," तो म्हणाला. कागद पाहून मी चष्मा काढून ठेवला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे हे खरे. पण तो त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा. आपल्या गाडीची मोडतोड किंवा चोरी ज्या भागात येते, तो भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी त्याचे नूतनीकरण आपण स्वतः करायचे असते. भाच्याने केले नव्हते. वर्षाला काही शेकडे रुपये वाचले होते आणि गाडीची सगळी किंमत बुडाली होती.

म्हणून वाचकांना पहिली विनंती अशी, की दुचाकीला अलार्म लावावा की जीपीएस हा विचार करण्याआधी विम्याचा कागद कपाटातून काढून वाचावा. गाडीची विमा कंपनीने धरलेली किंमत, जिला 'आयडीव्ही' म्हणतात, ती दरवर्षी उतरत जाते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला साधारणपणे ३० टक्के घसारा धरतात. म्हणजे ९०,००० रुपयांची गाडी ६३,००० वर येते, आणि कर्ज असेल तर त्यातून आधी बँकेची बाकी वळती होते. दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, कारण दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मागते. चोरी कळताच फिर्याद द्यावी आणि त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवावे. फिर्याद वेळेत दिली असेल आणि दावा खरा असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून तो फेटाळता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. तो आपल्या बाजूचा आहे. पण त्याचा आधार घ्यायची वेळ कशाला आणावी?

दोन महिन्यांनी बहिणीने भिशीचे पैसे उचलले आणि भाच्याने एक जुनी मोटारसायकल घेतली. या वेळी आधी पूर्ण विमा काढला, मग दुकानांत हिंडला, आणि चार प्रकारची माहितीपत्रके घेऊन आला. रविवारची सकाळ आम्ही त्यांवर घालवली.

पहिला प्रकार साध्या कुलपाचा. गाडीचे हँडललॉक जोराच्या हिसक्याने तुटू शकते, म्हणून चाकाला किंवा डिस्कला वेगळे कुलूप हवे. जाड साखळी असेल तर ती खांबात किंवा झाडात अडकवावी. दोन चाकांतच गुंडाळलेली साखळी गाडी पळवू देत नाही, पण उचलू देते. शंभर-सव्वाशे किलोची गाडी दोन माणसे टेंपोत सहज चढवतात. डिस्कचे कुलूप काढायला विसरून गाडी सुरू केली तर आपणच आडवे होतो, म्हणून त्याची एक रंगीत दोरी हँडलला बांधायची असते.

दुसरा प्रकार अलार्मचा. गाडी हलली की तो ओरडतो. वस्तीत, जिन्याखाली, अंगणात त्याचा उपयोग आहे. कारखान्याच्या कुंपणाबाहेर रात्री दोन वाजता यंत्रांच्या घरघरीत तो ऐकणार कोण? त्यातून जवळून ट्रक गेला किंवा कुत्रे सीटवर चढले तरी तो बोंबलतो. चार रात्री असे झाले की 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखे सगळे कूस बदलून झोपतात.

तिसरा इमोबिलायझरचा. ओळखीची किल्ली असल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. चालवून नेणाऱ्या चोराला तो रोखतो, टेंपोवाल्याला रोखत नाही.

चौथा जीपीएस ट्रॅकर. उपग्रहांच्या संकेतांवरून तो आपली जागा ठरवतो आणि आतल्या सिमकार्डावरून ती आपल्या मोबाइलवर पाठवतो. म्हणजे मोबाइलचे जाळे नाही तिथे तो मुका. सिमचे वार्षिक पैसे भरले नाहीत तरी मुका. दुकानदार यंत्राची किंमत मोठ्याने सांगतो, दुसऱ्या वर्षीचे शुल्क हळू आवाजात. ते आधी विचारावे. बॅटरीचाही हिशेब मांडावा. साध्या मोटारसायकलची बॅटरी लहान असते. समजा ती ३ अँपिअर-अवरची आहे आणि ट्रॅकर सतत १० मिलिअँपिअर खातो. दिवसाला पाव अँपिअर-अवरच्या आसपास गेले. दिवाळीत बारा दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी बसलीच समजा. यंत्राला स्वतःची छोटी बॅटरी असावी, म्हणजे चोराने तार तोडली तरी ते शेवटचा निरोप देईल. ते बसवायला रस्त्यावरच्या कुणालाही वायरिंग कापू देऊ नये. नव्या गाडीची वॉरंटी त्यात जाऊ शकते. काही यंत्रांत मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असते. धावत्या गाडीवर ती कधीही वापरू नये, चोर झाला तरी तो माणूसच आहे. आणि नकाशावर गाडी दिसली म्हणून मित्रांना घेऊन तिच्या मागे जाऊ नये. ११२ वर फोन करावा, ठिकाण पोलिसांना दाखवावे.

आमचे ठरले ते असे: आधी विमा, मग चांगले कुलूप, आणि उरलेल्या पैशात ट्रॅकर. पण या चारही उपायांचा खर्च कामगाराच्याच खिशातून होतो, हे मला खटकते. थिएटरबाहेरच्या सायकल स्टँडवर पूर्वी पत्र्याचा बिल्ला मिळायचा. बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल सुटत नसे. कारखान्याच्या कुंपणाच्या आत एक पत्र्याची शेड, एक दिवा आणि एक बिल्लेवाला यांना असा किती खर्च येईल? शेजारच्या चार कारखान्यांनी मिळून केला तर तो जाणवणारही नाही. शंभर गाड्यांना शंभर यंत्रे लावण्यापेक्षा एक जागा राखणे स्वस्त, हे सांगायला बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही.

ट्रॅकर बसला. ॲप बहिणीच्याही मोबाइलवर आले. महिनाभराने तिचा फोन. "दादा, हा पाळी सुटल्यावर पाऊण तास महामार्गावरच्या हॉटेलपाशी थांबतो. रोज. काय करतो रे तिथं?" मी भाच्याला विचारले. तो सोबत्यांबरोबर चहा पितो, आणखी काय! आठ तास यंत्रापुढे उभा राहिलेला मुलगा घरी जायच्या आधी थोडा वेळ बसतो. तो रागावला नव्हता, पण ओशाळला होता. ते मला अधिक लागले.

मग आम्ही तिघांनी बसून त्या ॲपची रचना बदलली. गाडी उभी केल्यावर तिच्याभोवती एक वर्तुळ आखता येते. किल्ली न लावता ती त्याबाहेर गेली तरच आईच्या मोबाइलवर घंटा वाजेल. एरवी तो कुठे गेला, किती वेळ थांबला, हे फक्त त्यालाच दिसेल. बहीण आधी कुरकुरली. रात्रपाळीच्या मुलाची आई आहे ती, तिची नजर वाटेकडे असणारच. मी तिला बँकेतली गोष्ट सांगितली. इतकी वर्षे इतक्या गाड्या आमच्याकडे नजरगहाण होत्या, पण गाडी घेऊन कुठे गेला होतास, असे आम्ही एकाही कर्जदाराला विचारले नाही. हप्ता वेळेवर आला की पुरे.

"आणि तो घरी वेळेवर आला की मला पुरे," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी ज्वारीचे पीठ मळायला उठली.